ओपन सोर्सवर धंदा उभा करताय? मग या चुका टाळा

यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडचे पोट्टे आता तालुक्याच्या गावी बसून वेबसाइटी बनवतात, दुकानांना ईआरपी (हिशोब, साठा, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देतात. लॅपटॉप, मोबाइलचं नेट आणि फुकटात उतरवलेलं वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर) एवढ्यावर काम सुरू होतं, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. पण यातली बरीच दुकानं लवकरच बंद पडतात आणि पोरगा पुण्यात नोकरी शोधायला लागतो. कारणं पाहावी तर दर वेळी तीच.

एकदाच पैसे घेऊन मोकळं होणं

कृषी केंद्रवाल्याला साइट बनवून दिली, ठरलेली रक्कम घेतली, विषय संपला असं पोरांना वाटतं. तो संपत नसतो. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिच्या ७.४ आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या (पॅच) मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबलं. वर्डप्रेससारख्याच ड्रुपलच्या ७ व्या आवृत्तीचा आधार जानेवारी २०२५ मध्ये संपला. साइट सुरक्षित असल्याची खूण देणारं लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट फार तर ९० दिवसांचं असतं. त्याचं आपोआप होणारं नूतनीकरण कुठे अडलं की साइट उघडताना धोक्याची सूचना येते आणि मालकाचा फोन तुम्हालाच येतो. पैसे मागायची सोय नाही, कारण तसं काही ठरलेलंच नव्हतं. आणि नाही म्हणावं तर गाव लहान, उद्या एसटी स्टँडवर गाठ पडणारच. अशी गिऱ्हाइकं वाढत गेली की सगळा दिवस फुकटच्या दुरुस्तीत जातो.

सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घेईल. आपण विकतो ती त्याची देखभाल. मुंबईची फ्रॅपे कंपनी ईआरपीनेक्स्ट या आपल्या ईआरपीचा सगळा कोड खुला ठेवते आणि होस्टिंग (ते सर्व्हरवर ठेवून चालवणं), सपोर्टचे पैसे घेते. मग आपण वर्षाचे पैसे मागताना का लाजायचं? मी पहिल्याच कागदावर दोन आकडे लिहितो, एक बनवण्याचा आणि एक दरवर्षीचा. दुसरा मान्य नसेल तर काम घेत नाही, ओळखीतलं असलं तरी.

वसुलीचा महिनाही आपल्या मुलखाप्रमाणे ठरवा. जूनमध्ये मृग लागला की कृषी केंद्रवाल्याचा पैसा बियाण्यात, खतात आणि कास्तकारांच्या उधारीत अडकलेला असतो. तेव्हा बिल पाठवलं तर तो 'पाहू' म्हणतो आणि ते पाहणं दिवाळीपर्यंत चालतं. कापूस विकला गेला की उधारी सुटते, म्हणून माझे सगळे वार्षिक करार जानेवारीत असतात. होस्टिंगचं बिल ज्या महिन्यात येईल त्या महिन्यासाठी ती रक्कम वेगळी काढून ठेवतो.

नल्ड थीम आणि प्लगइन

थीम म्हणजे साइटचं रूप, प्लगइन म्हणजे जास्तीची सोय देणारी जोड. पैशांची थीम किंवा प्लगइन कुलूप तोडून फुकटात वाटलं की ते नल्ड. एका शेतकरी उत्पादक कंपनीची तूरडाळ विकायची साइट होती, वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या दुकानाच्या प्लगइनवर. ऐन उन्हाळ्यात, लोक वर्षाची डाळ भरतात तेव्हा, गुगलवर कंपनीचं नाव टाकलं की जपानी अक्षरं आणि बुटांच्या जाहिराती दिसायला लागल्या. साइट थेट उघडली तर सगळं ठीक. ज्या पोराने ती बनवली तो कॅश (साइटच्या साठवलेल्या जुन्या प्रती) पुसत बसला. मग जुना बॅकअप चढवला. थोड्याच दिवसांत परत तेच.

मी बसून फाइली उघडल्या. अपलोड्सच्या फोल्डरात डाळीच्या फोटोंमध्ये एक पीएचपी फाइल पडलेली. तिथे फक्त फोटो असायला हवेत. यूझर्सच्या यादीत कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक ॲडमिन. आणि थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये, उजवीकडे लांब सरकवून लपवलेली, वाचता न येणाऱ्या अक्षरांची एक ओळ. थीम पैशांची होती, ती कुठल्याशा साइटवरून फुकटात उतरवलेली. रोग थीममध्येच, म्हणून बॅकअपमध्येही.

पोरगा म्हणे, "भाऊ, जीपीएल आहे नं, मंग चोरी कशी?" मुद्दा चोरीचा नाहीच. वर्डप्रेसचं जीपीएल हे लायसन्स कोड वाटायची मुभा देतं, पण मधल्या माणसाने त्यात काय कोंबलं याची हमी देत नाही. शिवाय अधिकृत अपडेट येत नाहीत, आणि मूळ बनवणाऱ्याला पैसा मिळाला नाही तर तोही एक दिवस काम सोडतो.

वर्डप्रेसच्या मूळ फाइली नव्याने टाकल्या, थीम फेकली, सगळे पासवर्ड आणि सॉल्ट कीज (लॉगिन सुरक्षित ठेवणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदलल्या, अपलोड्समध्ये पीएचपी चालणार नाही असा नियम सर्व्हरवर लावला, गुगलच्या सर्च कन्सोलमधून पुन्हा तपासणी मागितली. गुगलवरून ती पानं जाईस्तोवर डाळीचा सीझन निघून गेला होता. सभासद शेतकऱ्यांना याचं कारण सांगायला कंपनीकडे शब्द नव्हते. थीमचे पैसे वाचवणं ही काटकसर नव्हे. बजेट नसेल तर वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतली फुकट थीम घ्या, ती पुरते.

बाकीच्या चुका

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर घ्या. ते आपल्या नावावर ठेवून गिऱ्हाईक बांधून ठेवणं मला अजिबात पटत नाही. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. मूळ थीमच्या फाइलीत थेट बदल करू नका, चाइल्ड थीम (मूळ थीमवर बसणारी, आपले बदल वेगळे ठेवणारी) करा.

लायसन्स वाचा. एमआयटी लायसन्सचा कोड बंद (कोड खुला न करणाऱ्या) उत्पादनातही वापरता येतो, फक्त लायसन्सची नोंद ठेवावी लागते. जीपीएलचा कोड बदलून गिऱ्हाइकाला दिलात तर सोर्सही (मूळ कोड) द्यावा लागतो. एजीपीएल हे जीपीएलचंच आणखी कडक रूप. त्याचा कोड बदलून नुसता सर्व्हरवर चालवला, तरी वापरणाऱ्यांना सोर्स मिळाला पाहिजे.

आणि केलेली दुरुस्ती स्वतःजवळ दाबून ठेवू नका. एखाद्या प्लगइनमध्ये मराठी तारीख नीट दिसत नव्हती, तुम्ही ओळ बदलली, गिऱ्हाईक खूश. पुढच्या अपडेटला ती ओळ पुसली जाते आणि तुम्ही परत बसता. ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाला पाठवा. उत्तर यायला वेळ लागतो, बदल सुचवतात, कधी नाहीही म्हणतात. नवीन पोरं इथेच कंटाळतात. पण एकदा ती स्वीकारली गेली की तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे ती अपडेटबरोबर आपसूक येते, आणि त्या कामाखाली तुमचं नाव कुणालाही पाहता येतं. नागपूरच्या मोठ्या कामासाठी बोलणी करताना मी तीच पानं उघडून दाखवतो.