निरीक्षणगृहात लैंगिक संसर्गाची तपासणी: जाण्यापूर्वीची तयारी

सीमाभागातील एका निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी सुरू असताना जिथे ठेवतात तिथे) गेल्या वर्षी आम्ही मुलांची लैंगिक संसर्गासाठी तपासणी केली. नमुने व्यवस्थित घेतले, नोंदी चोख ठेवल्या, आणि दहाव्या दिवशी अहवाल हाती आले तेव्हा संसर्ग आढळलेल्या तिघांपैकी दोघे जामिनावर सुटून गेले होते. एक चंदगडकडच्या आपल्या गावी परतला होता. त्याच्या नावापुढे जो फोन नंबर होता तो चुलत्याचा निघाला, आणि चुलत्याला काय सांगायचे हे आम्ही कोणीच ठरवले नव्हते, म्हणून काहीच न बोलता फोन ठेवावा लागला. दुसऱ्याचा तर नंबरही नव्हता. ही चूक पुन्हा होऊ नये यासाठी अशा तपासणीला जाणाऱ्या आरोग्य पथकांकरता पुढचे लिहीत आहे.

सर्वांत आधीचे काम हेच: मूल सुटल्यावर अहवाल त्याच्यापर्यंत कसा पोहोचेल हे नमुना घेण्याआधी ठरवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात जामीन हा नियम आहे आणि नाकारणे हा अपवाद, त्यामुळे मूल महिनाभर तिथेच असेल असे गृहीत धरूच नका. प्रत्येकाशी एकट्याने बसून विचारा: सुटल्यावर तू कुठे राहशील, कोणत्या फोनवर बोललेले चालेल, तो दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही स्वतःची ओळख काय सांगावी, आणि घरातल्या कोणाकोणाला हे कळता कामा नये. ही उत्तरे वेगळ्या कागदावर, सांकेतिक क्रमांकासह लिहा आणि तो कागद तुमच्या कुलपात ठेवा, निरीक्षणगृहाच्या नोंदवहीत नव्हे. फोन लागणार नाही हे धरूनच मुलाच्या हातात क्रमांकाची चिठ्ठी द्या आणि अमुक तारखेनंतर अमुक दवाखान्यात ही दाखव, असे तोंडी दोनदा सांगा.

आपल्याकडे या कामात आणखी एक अडचण आहे. बेळगावच्या पश्चिमेला चंदगड, संकेश्वरच्या पुढे गडहिंग्लज, निपाणीच्या पुढे कागल. मूल सुटले की तासा-दोन तासांत कर्नाटकातून महाराष्ट्रात पोहोचते आणि तिथली आरोग्य यंत्रणा वेगळी असते. दवाखान्यात दाखवायची आमची संदर्भचिठ्ठी कन्नड आणि इंग्रजीत होती, तिचा चंदगडकडच्या त्या मुलाच्या आईला काय उपयोग होणार होता? चिठ्ठी मराठीतही छापा, कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलांसाठी त्या भाषांतही. सुरक्षा क्लिनिक (लैंगिक संसर्गासाठीचे सरकारी दवाखाने) दोन्ही राज्यांत आहेत. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या क्लिनिकमधील समुपदेशकांशी आधीच बोलून ठेवा आणि मुलाला सोयीचे असेल ते ठिकाण त्याच्याकडूनच लिहून घ्या.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. अधीक्षक, बाल न्याय मंडळ आणि जिल्हा आरोग्य कार्यालय यांची लेखी संमती लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र घाई करू नका. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे समजावून घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन करावे लागते आणि अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते. खानापूरच्या जंगलपट्टीतून भेटीला येणारे आईवडील रोजंदारी बुडवून येतात, तेव्हा भेटीच्या दिवशीच त्यांच्याशी बोला, त्यासाठी त्यांना वेगळा हेलपाटा घालायला लावू नका. 'सर्वच मुलांची तपासणी करत आहोत' असे सांगा आणि खरोखरच सर्वांना विचारा. आरोप पाहून मुले निवडलीत तर रांगेत उभे राहणे हाच त्यांच्यावरचा शिक्का होईल. मुलाने नाही म्हटले तर विषय तिथेच संपतो.

गुप्ततेचे खोटे आश्वासन देऊ नका. पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले की तक्रार नोंदवणे बंधनकारक आहे, आणि निरीक्षणगृहात येण्यापूर्वी किंवा आल्यावरही अत्याचार झालेली मुले तुमच्यासमोर बसतील. कोणती गोष्ट तुमच्याजवळच राहील आणि कोणती पुढे कळवावी लागेल, हे पहिला प्रश्न विचारण्याआधी सांगा, नंतर सांगणे ही फसवणूक ठरते. तसे काही समोर आले तर पुढे कोणाला कळवायचे आणि मुलाजवळ कोण थांबायचे, हेही त्या दिवशी सकाळीच ठरलेले असावे. पहारेकरी दारात उभा असताना ही चर्चा होऊ शकत नाही, खोली मिळत नसेल तर तपासणी पुढे ढकला.

नमुन्यांचे काम सोपे दिसते आणि तिथेच बिघडते. क्लॅमिडिया आणि गनोऱ्हिया या जिवाणूंमुळे होणाऱ्या लैंगिक संसर्गांच्या जनुकीय चाचणीसाठी (ती जंतूचे जनुकीय अंश शोधते) लघवीची सुरुवातीची धार लागते, साधारण वीस ते तीस मिलिलिटर, आणि त्याआधी किमान एक तास लघवी केलेली नसावी. मधली धार घ्यायची सवय असलेला कर्मचारी नेमकी ही धार वाया घालवतो. मुलांना सकाळी उठल्याबरोबर एकत्र शौचालयात नेतात, म्हणून वेळेबाबत अधीक्षकांशी आदल्या दिवशी बोला. बाटलीवर नाव नको, फक्त क्रमांक. ही चाचणी जवळ होते की नमुना बाहेर पाठवावा लागतो, आणि अहवाल किती दिवसांत येतो, हे प्रयोगशाळेला आधी विचारा, कारण ते दिवस जितके जास्त तितकी सुटून जाणारी मुले जास्त. सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्यासाठी रक्त लागते, त्यासाठी सुई टोचण्यात हात बसलेली परिचारिका न्या. त्रास होत नाही म्हणजे संसर्ग नाही, असे समजू नका. क्लॅमिडिया बहुतेकदा कोणतेही लक्षण दाखवत नाही, म्हणूनच ही तपासणी आहे. मुलांशी बोलताना 'गुप्तरोग' हा शब्द टाळा, तो ऐकताच ती गप्प होतात.

उपचारातही तीच गोष्ट. डॉक्टरांनी क्लॅमिडियासाठी डॉक्सिसायक्लिन दिले तर ते सात दिवस दोन वेळा घ्यायचे असते. आमच्या तिसऱ्या मुलाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची सुटका झाली, उरलेल्या गोळ्या काळजीवाहकाच्या कपाटातच राहिल्या. सुटकेच्या कागदपत्रांबरोबर उरलेले औषध मुलाच्या हातात पडलेच पाहिजे, आणि ते कोण देणार त्याचे नाव आधी ठरले पाहिजे. सिफिलिससाठी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देण्यापूर्वी ॲलर्जी विचारा, तीव्र ॲलर्जी उठली तर द्यायचे ॲड्रेनालिन जवळ ठेवा.

परिविक्षा अधिकाऱ्यांची (प्रोबेशन ऑफिसरची) मदत घ्यायलाच हवी, परंतु मुलाच्या आजाराचे निदान त्यांनी मंडळाला द्यायच्या सामाजिक अहवालात जाता कामा नये. मुलाची परवानगी असेल तर 'दवाखान्यात बोलावले आहे' एवढाच निरोप त्यांच्याकडून पाठवा.

जोडीदाराला कळवण्याबाबत मुलावर दबाव आणू नका, मात्र जोडीदारावर उपचार झाले नाहीत तर संसर्ग परत येतो, हे सांगा. क्लॅमिडिया आणि गनोऱ्हियाची फेरतपासणी तीन महिन्यांनी करायची असते. अलीकडे झालेला एचआयव्ही किंवा सिफिलिसचा संसर्ग पहिल्या चाचणीत दिसेलच असे नाही, म्हणून तेही तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तीन महिन्यांनी मूल कुठे असेल, हा प्रश्न त्या वेगळ्या कागदावर आजच लिहा. १०९७ हा एड्स मदतक्रमांक आणि १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक चिठ्ठीच्या मागे छापा. हातमोजे, सुईंचा डबा, बर्फाची पेटी घ्या. निघण्यापूर्वी तो कागद पुन्हा काढा, आणि ज्या मुलाच्या नोंदीपुढे सुटकेनंतरचा मार्ग लिहिलेला नसेल त्याचा नमुना तो लिहून होईपर्यंत घेऊ नका.