घरकोंबड्या कुत्र्याला रस्त्याची सवय लावताना
आमचा मोती बेळगावच्या टिळकवाडीतल्या फ्लॅटात दोन वर्षं बाल्कनीतूनच जग बघायचा. नखं इतकी वाढलेली, की फरशीवर टकटक वाजायची. पहिल्याच दिवशी त्याला आरपीडी क्रॉस चौकातल्या गर्दीत नेलं, ही माझी चूक. रिक्षाचा हॉर्न ऐकून जागीच बसला. उचलून आणावा लागला, 24 किलो!

तुम्ही आधी गल्लीतच फिरवा, पहाटे, 5 मिनिटं. पट्टा गळ्याला नको, छातीला बांधायचा घ्या. खांब हुंगू दे, घाई करू नका. आठवड्याने 10 मिनिटं. उन्हाळ्यात डांबरावर तळहात 7 सेकंद टेकवा. चटका बसला तर माघारी फिरा. बेळगावच्या पावसात उघडीप मिळेल तेव्हा निघायचं. परतल्यावर बोटांच्या बेचक्यात, कानामागे गोचीड बघा.