जुन्या पिकअपचा कॅम्पर करताय? या चुका टाळा

जुनी बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा घ्यायची, हौद्यावर डबा बसवायचा, आत गादी टाकायची आणि निघायचं. बेत चांगला आहे, कमी खर्चात होतो, आणि नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो. बहुतेक गाड्या बिघडतात त्या एकाच कारणानं. डब्यात पाणी शिरत नाही याची खात्री होण्याआधीच आत लाकडी पट्ट्या, पडदे आणि दिव्यांच्या माळा लागतात. मग पहिल्या पावसात सगळं उचकटावं लागतं.

गाडी बघताना सगळे इंजिनाचा आवाज ऐकतात. आधी चॅसी बघा. इंजिनाचं काम कुठेही करून मिळतं, कुजलेल्या चॅसीचं करून काही उपयोग नसतो. गाडीनं आजवर कोणता माल वाहिला ते विचारा. किनारपट्टीवर मासळी आणि बर्फ वाहिलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. खारं पाणी हौद्याच्या फटींतून चॅसीवर गळत राहतं, पत्रा आतून खातं, आणि वरून काळा रंग मारला की काही दिसत नाही. खाली वाकून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चॅसीवर ठोकत जा. टणटणीत आवाज हवा. जिथे बद्द आवाज येईल तिथे गंज आहे. वाळू-खडीच्या गाडीत मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, म्हणजे पाटे चॅसीला धरणारे कंस, बघा, तिथे वेल्डिंगची ठिगळं असली तर गाडी क्षमतेबाहेर भरलेली आहे. दूध किंवा भाजीपाल्याची गाडी किलोमीटरनं जास्त चाललेली असते, पण अंगानं धड निघते. आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ व बँकेची एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

हौदा कापू नका. चॅसी लांबवू नका. मागे सीट बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बोल्ट सोडले की उतरवता येईल असाच डबा करा, त्याचं मापांसह रेखाचित्र घेऊन कामाआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी चालू असताना मागे कुणीही बसायचं नाही, लहान मुलं तर मुळीच नाही.

केबिन आणि डबा एकमेकांना चिकटवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त होते. केबिनमधून थेट मागे जाता यावं म्हणून केबिनची मागची काच काढायची, डब्याला समोर खिडकी कापायची आणि मधली फट सिलिकॉननं भरायची. दिसायला सुबक दिसतं. पण पिकअपची केबिन रबरी माउंटिंगवर बसलेली असते आणि हौदा चॅसीवर वेगळा बोल्ट केलेला असतो. खड्ड्यात एक चाक उतरलं की चॅसी पीळ घेते आणि केबिन व हौदा वेगवेगळ्या दिशांना हलतात. फटीत बोट धरून पाहिलंत तर ही हालचाल हाताला जाणवते. तिथे कोणतंही सीलंट टिकणार नाही.

अशाच एका गाडीची गोष्ट. मे महिन्यात तयार झाली, जूनमध्ये ताम्हिणी घाटातून खाली गेली आणि परत आली तेव्हा गादीची एक कड ओली होती. मालकानं गृहीत धरलं की छत गळतंय. छतावर सिलिकॉनच्या पाच नळ्या रिकाम्या केल्या. पुढच्या फेरीत पुन्हा ओल, मग छतावर ताडपत्री. ऑगस्टमध्ये गादीखालची प्लाय पापडासारखी फुगली तेव्हा डबा उतरवला. पाणी छतातून येतच नव्हतं. केबिनच्या छतावरून वाहत येणारा पाऊस मधल्या फटीत शिरत होता, समोरच्या भिंतीतून प्लाय आणि पत्र्यामधून खाली उतरत होता आणि तळाशी साचत होता. डब्याच्या सांगाड्यातला तळाचा एक इंची चौकोनी पाइप बोट लावताच आत गेला, कारण वेल्डिंगनंतर त्याच्या सांध्यांवर गंजरोधक रेड ऑक्साइडसुद्धा मारलेलं नव्हतं. वापरलेला सिलिकॉनही व्हिनेगरसारखा वास येणारा, म्हणजे आम्लधर्मी, लोखंडाला गंज चढवणारा. वर तो सगळा खरवडल्याशिवाय त्यावर दुसरं काही चिकटेना.

म्हणून केबिन आणि डबा यांत दोन इंच मोकळी जागा ठेवा आणि ती मोकळीच राहू द्या. मागे जायचं तर उतरून जा. छताचा पत्रा भिंतींवर किमान दीड इंच खाली वळवा, त्याच्या कडेला पाणी तोडणारी पट्टी लावा, म्हणजे पागोळी भिंतीवरून न वाहता बाहेर पडेल. सांध्यात आधी ब्युटाइल टेप (चिकट, लवचिक रबरी पट्टी), मग रिव्हेट, मग वरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सीलंट हा शेवटचा आधार, पहिला आधार म्हणजे पत्र्याचा ओव्हरलॅप. आतून एकही प्लाय लावण्याआधी गाडी वॉशिंग सेंटरवर न्या आणि दहा मिनिटं चारही बाजूंनी फवारा मारायला सांगा. तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा. थेंब दिसला तिथे खडूनं खूण करा आणि लक्षात ठेवा, भोक खुणेच्या वर असतं.

डबा गाडीवर नुसत्या त्याच्या वजनाच्या भरवशावर ठेवू नका. हौद्याच्या आडव्या पट्ट्यांतून सहा एम-१२ (१२ मिमी जाड) बोल्ट, खाली मोठे वॉशर, हादऱ्यानं न सुटणारे नायलॉक नट, मध्ये ८-१० मिमी रबर. पहिल्या १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळा.

बाहेरचं पाणी थांबलं की आतलं सुरू होतं

दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घामातून अर्धा लिटरहून अधिक पाणी डब्यात सोडतात. थंडीत महाबळेश्वरला किंवा पावसाळ्यात आंबोलीला ते पत्र्यावर जमतं आणि सकाळी गादी खालून ओली लागते. पाइपांच्या मध्ये २५ मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणाऱ्या फोमची) शीट बसवून लोक थांबतात, पण खरा घाम येतो तो उघड्या लोखंडी पाइपला. पाइपांवरूनही ६ मिमी नायट्राइल रबराची (मऊ, फोमसारखी) शीट सलग न्या. गादीखाली सपाट प्लाय नको, तीन इंची पट्ट्या आणि मध्ये दोन इंच फट. हवा येण्यासाठी एक झडप खाली, एक १२ व्होल्टचा पंखा छताजवळ, आणि तो पावसातही चालू ठेवता येईल असं वर टोपण. प्लाय वापरायचीच तर आयएस ७१० शिक्का असलेली मरीन घ्या.

जाडीचा हव्यास सोडा. आठ बाय चारची १९ मिमी प्लाय ३६-३८ किलो भरते, १२ मिमीची साधारण २४. भिंतीला ६ मिमी पुष्कळ होते. डबा केबिनच्या छतापेक्षा फूटभरच वर ठेवा. आत उभं राहता यावं म्हणून उंच केलेला डबा घाटातल्या वळणावर आणि महामार्गावरच्या वाऱ्यात झुलतो. गादीपासून छतापर्यंत तीन फूट जागा मिळाली की बसण्यापुरतं काम होतं. आणि गाडी कडक धावते म्हणून मागचे पाटे काढू नका. टायरमधली हवा कंपनीनं कमी भारासाठी सांगितलेल्या आकड्यावर आणा, तेवढ्यानं बराच फरक पडतो.

वायरिंग

आधी बेरीज करा, मग बॅटरी घ्या. छोटा पंखा आठ तास म्हणजे १६ अँपिअर-तास (बॅटरीतल्या विजेचं माप), चार एलईडी चार तास म्हणजे ४, दोन फोन ३. एकूण पंचवीसच्या आत. त्यासाठी ५०-६० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भरपूर झाली. फ्रिज ठेवणार असाल तरच १०० घ्या. दिवा-पंख्यासाठी इन्व्हर्टर लावणं म्हणजे १२ व्होल्टचे २३० करून पुन्हा कमी करणं, त्यात वीज फुकट जाते.

गाडी चालू करणाऱ्या मूळ बॅटरीवरून पंखा चालवला की सकाळी गाडी धक्क्यानं चालू करायची वेळ येते. आणि लिथियम बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनावर चालणारं वीज जनित्र) तापून जळू शकतो. मध्ये २० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे करंट मर्यादेत ठेवून दुसरी बॅटरी भरणारं यंत्र, हवाच. त्याच्या १० चौरस मिमी तारेला दोन्ही बॅटऱ्यांपाशी, टर्मिनलपासून वीतभर अंतरात ४० अँपिअरचा फ्यूज लावा. फक्त चार्जरपाशी लावलेला फ्यूज तारेला वाचवत नाही. तार पत्र्याच्या कडेवर घासून शॉर्ट झाली तर आग मधल्या भागात लागते. पत्र्यातून तार जाते तिथे प्रत्येक भोकाला रबर ग्रोमेट (तारेला कड लागू न देणारी कडी) घाला.

घरच्या वायरिंगची उरलेली तार वापरू नका. २.५ चौरस मिमीच्या तारेतून पाच मीटर लांब १० अँपिअर नेले की जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट वाटेतच हरवतो आणि फ्रिज बॅटरी भरलेली असतानाही बंद पडतो. तिथे ६ चौरस मिमी टाका. गाडीवर कुठेही वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची मायनस तार काढा, नाहीतर इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जाऊ शकतो.

गॅस शक्यतो बाहेरच, मागचं दार उघडून पेटवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो आणि वरच्या खिडकीतून कधीच जात नाही. ५ किलोचा सिलिंडर आत ठेवायचाच तर वेगळ्या बंद कप्प्यात, कप्प्याच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारी दोन इंची दोन भोकं, ती एक्झॉस्टपासून लांब. आयएसआय खुणेचा पाइप, जोडावर साबणाचं पाणी लावून तपासणी, आणि झोपण्याआधी रेग्युलेटर बंद. थंडी घालवायला आत शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जाड गोधडी घ्या आणि खालची झडप उघडी ठेवा.