प्लेपेन घ्यायचंय? आधी जमिनीवर खडूने आखून बघा

मी घरी शिवणकाम करते. घरभर सुया, टाचण्या, कात्र्या, गरम इस्त्री, आणि त्यात रांगतं बाळ. त्यामुळे ओळखीत कोणाकडे बाळ झालं की “प्लेपेन घेऊ का गं?” हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. प्लेपेन म्हणजे बाळाला आत खेळत ठेवायचं जाळीचं किंवा गजांचं कुंपण. मी उलट विचारते, कोणासाठी? “बाळासाठी” असं उत्तर आलं तर सरळ सांगते, राहू दे. बाळाला मोकळी जमीन पुरते. प्लेपेन लागतं ते आपल्याला, आपले दोन्ही हात काही वेळ मोकळे व्हावेत म्हणून.

म्हणून आधी दोन-तीन दिवस एक काम करा. बाळावर नजर ठेवणं जमत नाही असे प्रसंग कागदावर लिहा: इस्त्री, आंघोळ, गॅसवर उकळतं पाणी, दारावर कोणी आलं. समोर अंदाजे मिनिटं टाका. यादी पाच, दहा, पंधरा मिनिटांच्या तुकड्यांची निघाली तर प्लेपेन उपयोगाचं आहे. “सलग दोन तास काम” असं निघालं तर विसरा, तिथे माणूसच लागतो. माझी मुलगी जागी आणि खूश असेल तर दोऱ्याच्या रिकाम्या मोठ्या कोनांवर रमायची. एकावर एक रचायची, पाडायची, मग एकेक कोन कडेवरून बाहेर फेकायची आणि जाळीला नाक लावून तो कुठे गेला ते बघायची. शेवटचा कोन बाहेर पडला की संपलं, भोकाड. तेवढ्यात माझी एक बाही इस्त्री होऊन जायची आणि मला तेवढंच हवं असायचं.

दुसरा प्रश्न वयाचा. साधारण चार ते सहा महिन्यांत मुलं पालथी पडू लागतात, सात ते दहा महिन्यांत बरीचशी रांगतात, मग धरून उभी राहतात. प्लेपेनचा खरा उपयोग याच काळात. रांगायला लागायच्या थोडं आधी आणलं तर बाळ त्याला सरावतं. घरभर चालत सुटलेल्या मुलाला नव्याने आत ठेवून बघा, दोन मिनिटांत आळी जागी होईल. तोवर उशीर झाला असेल तर पैसे वाचवा आणि धोक्याच्या दाराला सेफ्टी गेट लावा. माझ्या नणंदेच्या घरात सगळी भीती एका जिन्याची होती. तिला मी गेटच घ्यायला लावलं. एका जिन्यासाठी पोराला कशाला कोंडायचं?

आता जागा. विकत घ्यायच्या प्लेपेनची बाहेरची मापं बघा. घडीच्या चौकटीचं नेहमीचं प्लेपेन साधारण एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असतं. जमिनीवर मांडायची कापडी कुंपणं याच्या दुपटीहूनही मोठी मिळतात. टेप घ्या आणि शिवणाच्या खडूने तेवढा चौकोन जमिनीवर आखा. आठवडाभर त्याला वळसा घालून वावरा. कपाटाचं दार उघडतं का, रात्री अंधारात पाय अडखळतो का, सगळं कळतं. चौथ्या दिवशी तुम्ही रेघ ओलांडून चालायला लागलात, तर समजा जागा नाही.

“पोर्टेबल” या शब्दावर फार विसंबू नका. चाकं आणि पिशवी असली तरी चौकटीचं प्लेपेन बऱ्याचदा दहा किलोच्या आसपास भरतं. रोज या खोलीतून त्या खोलीत न्यायचं असेल तर दारातून उघडंच जातं का, ते मोजा. प्रवासासाठी हवं असेल तर वर्षातून किती वेळा बाहेर राहता ते आठवा. एक-दोनदाच असेल तर कोणाकडून मागून आणलेलं बरं. विकत घेताना विक्रेत्याला बाजूला करून घडी स्वतः उघडा आणि मिटा. मधल्या गाठीचं प्लेपेन असेल, म्हणजे तळाच्या दांड्या मध्यभागी एका सांध्यात जुळत असतील, तर बहुतेकदा ती गाठ वर असताना चारही कडा ओढून खटके लागू द्यायचे असतात आणि मगच गाठ खाली दाबायची. आधी गाठ दाबली तर कडा अडकतच नाहीत. मिटताना याच्या उलट. हे करायला दोन्ही हात लागतात, म्हणजे बाळ कडेवर असताना जमणार नाही, हेही धरून चाला.

या खटक्यांकडे मी सगळ्यात बारकाईने बघते. १९९८ साली शिकागोतल्या एका पाळणाघरात जेमतेम दीड वर्षांच्या मुलाचा जीव घडीच्या खाटेची वरची कड कोसळून गेला. ती खाट १९९३ मध्येच बाजारातून परत मागवलेली होती, तरी वापरात होती. २००८ च्या अमेरिकी कायद्यात लहान मुलांच्या अशा वस्तूंसाठी कडक नियम आले, त्यामागे ही घटना होती. म्हणून जुनं प्लेपेन फुकट मिळत असलं तरी आधी मॉडेलचं नाव शोधून ते परत मागवलेलं नाही ना, हे बघा. कडा उभ्या करून वरून जोर देऊन दाबा. कड जराही आत दबली तर नको.

जुन्या मालात शिवणही तपासा, इथे माझा धंदा कामाला येतो. जाळी वरच्या कडेला जिथे शिवली आहे तिथे अंगठा घालून ताणा. टाके उसवत असतील तर ते भोक मोठंच होत जाणार. वरच्या कडेचं रेक्झिन फाटलं असेल तर दात येणारं बाळ त्याचे तुकडे चावून तोंडात घेतं. जाळीची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा लहान हवीत, म्हणजे झबल्याचं बटण त्यात अडकत नाही. लाकडी गजांचं असेल तर दोन गजांत ६ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर. तळापासून कडेची उंची निदान ५१ सेंटिमीटर.

आत अंथरायला फक्त सोबत आलेली पातळ गादी. ती कडक लागते म्हणून वर दुसरी घालू नका. कडेच्या फटीत बाळाचं तोंड अडकू शकतं. मोठी खेळणी आणि उशा नकोत, मुलं त्यांवर चढून बाहेर डोकावतात. आडवी दोरी बांधून त्यावर खेळणी टांगणं तर नकोच. पडद्याच्या दोऱ्या, इस्त्रीची वायर आणि खिडकी यांपासून प्लेपेन लांब मांडा. एखादी बाजू खाली पाडता येत असेल तर बाळ आत असताना ती पाडू नका, जाळीचा खिसा तयार होतो आणि बाळ त्यात अडकू शकतं. झोपवायचं असेल तर बनवणाऱ्याने झोपेसाठी चालेल असं लिहिलेलं हवं, आणि तेव्हाही बाळ पाठीवर, आत काहीही नाही.

बऱ्याच प्लेपेनना मुलाच्या उंचीची मर्यादा असते, ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटिमीटर. पण मूल त्याआधीच कडेवर पाय टाकायला लागलं तर त्याच दिवशी घडी घाला. पुढे कोणाला देणार असाल तर माहितीपत्रक पिशवीच्या खिशात ठेवूनच द्या; खटक्यांचा क्रम तोंडी सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही.