लोखंडी ट्यूब कापायला काय घ्यावं? आधी पत्र्याची जाडी मोजा

मार्च लागला की सोलापुरात कूलर माळ्यावरून खाली उतरतात आणि गंजलेल्या स्टँडची आठवण होते. स्टँड घरीच करायचं ठरलं की बहुतेक जण थेट मशीन बघायला जातात. माझं सांगणं असं की आधी ट्यूब हातात घ्या.

एक इंची चौकोनी ट्यूब 16 गेजची असेल तर पत्रा साधारण 1.6 मिलिमीटर, 18 गेजची असेल तर 1.2. गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, तो वाढला की पत्रा पातळ. एक इंची, 16 गेजचा 20 फुटी नग सुमारे 7 किलो भरतो. काट्यावर बरंच कमी भरलं, तर गेज हलकं आहे हे दुकानातच ओळखा.

मग कट मोजा. चार पाय आणि आठ आडवे तुकडे, म्हणजे बारा. एवढ्या कामाला साधा हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापायची हातकरवत, पुरतो. एका कटाला दोन-तीन मिनिटं लागतात.

खरी निवड ब्लेडची आहे, आणि तीच घाईत उरकली जाते. पत्र्याच्या जाडीत एका वेळी किमान दोन दात टेकले पाहिजेत. इंचाला 18 दात असलेल्या ब्लेडमध्ये दोन दातांतलं अंतर 1.4 मिलिमीटर असतं, 1.2 चा पत्रा त्या फटीत अडकतो आणि दात उडतात. 32 दातांच्या ब्लेडमध्ये हेच अंतर 0.8 आहे. म्हणून पातळ ट्यूबला 32, पत्रा 2 मिलिमीटरच्या वर गेला तर 24. बाय-मेटल, म्हणजे दोन धातू जोडून केलेलं, ब्लेड मागा, ते वाकलं तरी सहसा तुटत नाही. दातांचं तोंड पुढे ठेवा आणि ब्लेड चांगलं ताणून आवळा.

गुण्या (काटकोन बघायची पट्टी) लावून चारही बाजूंना खूण करा. ट्यूब खुणेच्या जवळच व्हाइसमध्ये (आवळून धरणाऱ्या शिकंजात) धरा. एक बाजू आरपार झाली की तसंच खाली कापत जाऊ नका, ट्यूब फिरवा. नाहीतर ब्लेड दोन्ही बाजूंच्या पातळ कडांवर येतं आणि दात तिथेच जातात. जोर फक्त पुढे ढकलताना द्या, मिनिटाला 40-50 हात पुरेत.

चार इंची ग्राइंडरला 1 मिलिमीटरची कटिंग डिस्क लावली की हेच काम काही सेकंदांत होतं. पण आपल्या गावात एक गोष्ट विसरू नये: शेजारी माग असतात. चादरी-टॉवेलच्या मागाभोवती सुताचे तंतू साचलेले असतात, ग्राइंडरची ठिणगी कित्येक फूट उडते, आणि सुतात पडलेली ठिणगी आधी नुसती धुमसत राहते. ग्राइंडर मोकळ्या अंगणातच चालवा, पाण्याची बादली जवळ ठेवा, काम संपल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा एक चक्कर मारा. डिस्कचं गार्ड काढू नका. चष्मा हवाच.

14 इंची कटऑफ मशीन, म्हणजे मोठी डिस्क वरून खाली दाबून कापणारं मशीन, मला घरासाठी पटत नाही. ठिणग्या त्याहून जास्त, 2000 वॅटच्या पुढचा भार, म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट हवा, आणि दाब वाढला की डिस्क वाकून कट तिरका जातो. त्या मशीनला कार्बाइडच्या दातांचं ब्लेड तर कधीच लावू नका. मशीन मिनिटाला साडेतीन हजारांहून जास्त फेरे घेतं. ते ब्लेड बहुधा त्याच्या निम्म्याच वेगासाठी बनवलेलं असतं.

दर महिन्याला काही ना काही बनवणार असाल तर पैसे साठवून छोटा बँडसॉ (पट्ट्यासारखं ब्लेड फिरवणारी करवत) घ्या. सावकाश कापतो, पण ठिणगी नाही, आवाज कमी, कट सरळ. दुपारी शेजारी झोपलेले असतानाही काम होतं.

कापलेल्या कडांवर आतून-बाहेरून कानस मारा, नाहीतर बोट कापतं. वेल्डिंगला नेण्याआधी चारही पाय सपाट फरशीवर शेजारी-शेजारी उभे करा. जो उंच दिसेल त्यालाच आणखी थोडी कानस.