फिट्सच्या गोळ्या घेणारी मुलं आणि ‘ड’ जीवनसत्त्व : या चुका टाळा

मुलाला फिट्सचं औषध सुरू झालं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागतं: परत फिट आली का? ते साहजिकच आहे. पण फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन या जुन्या औषधांमुळे यकृतातली एन्झाइम्स जोमाने काम करू लागतात आणि शरीरातलं ‘ड’ जीवनसत्त्व लवकर संपतं. मग पोटात गेलेलं कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही.

पाय दुखायला लागल्यावर बघू, असं म्हणू नका. कमतरता बराच काळ काहीच जाणवू देत नाही. औषध सुरू होतानाच रक्तातलं ‘ड’ तपासायचं का, पुढे किती दिवसांनी, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. पातळी दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर हवी.

“पुण्यात काय उन्हाला तोटा?” हे नेहमी ऐकू येतं. तोटा नाही, पण मुलं उन्हात असतात कधी? सकाळी सातला स्कूल बस, दुपारी वर्ग आणि क्लास, संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळ. त्वचेत ‘ड’ तयार होतं ते साधारण अकरा ते तीनच्या उन्हात. नाचणी, तीळ, दूध जरूर द्या. त्यातून कॅल्शियम मिळेल, ‘ड’ची भरपाई होणार नाही.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती ‘ड’च्या ६०,००० युनिटच्या पुडीची. वर्षावरच्या मुलाची रोजची गरज साधारण ६०० युनिट, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ नजरेतून सुटलं आणि पुडी रोज दुधात पडू लागली, तर रक्तात कॅल्शियम साठतं: उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी. पुडीचा वार कॅलेंडरवर लिहा, शेवटची तारीखही. शेजारच्या मुलाची चिठ्ठी आपल्या मुलाला चालत नाही.

फेनिटॉइन आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, औषध कमी शोषलं जातं. दोन तासांचं अंतर ठेवा. फॉलिक अ‍ॅसिडही परस्पर सुरू करू नका, त्याने फेनिटॉइनची रक्तातली पातळी उतरू शकते.

रिपोर्टमध्ये ‘ड’ कमी आलं म्हणून फिट्सची गोळी मात्र कधीही स्वतःहून बंद करू नका. ती अचानक थांबवली तर न थांबणारी फिट येऊ शकते. आणि व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं दुसरं औषध घेणारं मूल वारंवार उलट्या करत असेल, गुंगीत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.