भातावरचा खोडकिडा आणि तुडतुडे : सगळ्या शिवारानं मिळून बंदोबस्त कसा करायचा

आमचं शेत मुरबाडकडं, सव्वा एकर भात, मी नोकरीला कल्याणला आणि शनिवार-रविवार गावी. तीन वर्षांपूर्वी आम्ही एकट्यानंच दहा कामगंध सापळे (मादीच्या वासाच्या गोळीनं, म्हणजे ल्युरनं, खोडकिड्याच्या पतंगांना ओढणारे) लावले, ल्युर वेळेवर बदलल्या, आणि तरी दसऱ्याच्या सुमाराला निसवलेल्या भातात जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या लोंब्या उभ्या. लोंबी ओढली की सुळकन हातात येते, दाणा एक नाही. हे काम खोडकिड्याचं, त्याची अळी खोडात शिरून आतून खाते. आई बांधावर नुसती बसून राहिली होती ते अजून डोळ्यासमोर आहे.

नंतर कळलं की सापळ्यात फक्त नर येतात. शेजारच्या खाचरात नराशी जुळलेली मादी उडत येऊन आपल्या भातावर अंडी घालतेच, तिला कुणाचा बांध कुठला याचं काय. म्हणून हे काम एकट्याचं नाहीच, आणि पुढच्या हंगामापासून आम्ही आजूबाजूच्या शेतकऱ्यांना धरून जे करायला लागलो ते इथं सांगतोय, ठाणे जिल्ह्यात शहापूर, भिवंडी, अंबरनाथ कुठंही भात लावत असाल तर जमेल.

आधी टापू ठरवा, आणि तो गावाच्या हद्दीवरून ठरवू नका, पाण्यावरून ठरवा. एका ओहोळाचं पाणी ज्या ज्या खाचरांतून उतरत जातं तो एक टापू, मग त्यात दोन गावं आली तरी चालतील. हे का ते पुढं तुडतुड्यांच्या, म्हणजे बुंध्यातला रस शोषणाऱ्या किड्यांच्या, वेळी कळेल. एका मोठ्या कागदावर नकाशा काढा, प्रत्येक तुकड्यात लिहा : कसतो कोण, वाण कुठला, हळवा, निमगरवा की गरवा (लवकर, मध्यम की उशिरा तयार होणारा). सातबाऱ्यावर कोण आहे त्यापेक्षा कसतो कोण हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडं निम्म्या जमिनींचे मालक मुंबईला आणि शेत दुसराच कुणी वाट्यानं करतो. मालक आणि कसणारा दोघांचेही नंबर घ्या.

बैठक मे महिन्यात, पेरणीच्या आधी. लावणी करणाऱ्या बायकांना नक्की बोलवा, आवणाच्या (लावणीच्या रोपांच्या) पानावरची अंडी सगळ्यात आधी त्यांच्याच हाताला लागतात. कृषी सहाय्यकाला बोलवा, गावात शेतीशाळा (शेतातच भरणारा शिकवणीवर्ग) घ्यायची विनंती तिथंच करा, एकट्यानं जाऊन मागण्यापेक्षा वीस जणांनी मागितलं की फरक पडतो. आपल्या भागातलं भाताचं केंद्र कर्जतला आहे आणि विद्यापीठ दापोलीचं, वाण आणि किडीबद्दल शंका असेल तर तिथं विचारायचं, औषधाच्या दुकानात नाही हे मी अगदी कळकळीनं सांगतो. राज्याचा क्रॉपसॅप प्रकल्प २००९-१० पासून सुरू आहे, त्यात भातही येतं, म्हणजे किडीची निरीक्षणं घेऊन सल्ला देण्याची सरकारी सोय आहेच, तिच्याशी आपलं काम जोडून घ्या.

बैठकीत पहिला निर्णय तारखांचा. एका टापूतली लावणी शक्यतो दोन आठवड्यांत उरकायची आणि वाणही एकाच मुदतीचे घ्यायचे, नाहीतर हळवं कापलं की तिथले तुडतुडे उडून शेजारच्या उभ्या गरव्यावर जाऊन बसतात आणि सगळा मार तो एकटा खातो. यावर आमच्याकडं सगळ्यात जास्त वाद झाला, दोन बैठका त्यातच गेल्या, ज्यांना पेंढा जास्त हवा त्यांना गरवंच लावायचं होतं. शेवटी गरव्याचे तुकडे एका बाजूला एकत्र घेतले, तेही चाललं.

लावणीच्या दिवशी आवणाची जुडी हातात घेतली की शेंडे कापून टाका. खोडकिड्याची पिवळी मादी, पंखावर काळा ठिपका असतो, पानाच्या टोकाजवळ अंडी घालते, वरून तपकिरी लव पसरलेली, दिसायला मळकट कापसाचा बारीक ठिपका. शेंड्याबरोबर तीही जातात, खर्च शून्य. कापलेले शेंडे खाचरात सोडायचे नाहीत, गोळा करून पुरायचे.

मग सापळे. नर पकडून संख्या कमी करायची तर हेक्टरी २० लागतात, म्हणजे एकरी ८, म्हणजे पाच गुंठ्याला एक, पिकाच्या साधारण फूटभर वर. वर्गणीही आम्ही गुंठ्यावरच काढतो, त्यानं कुणाला जास्त-कमी वाटत नाही. खरेदी एकत्र करा आणि लावायचा दिवस एकच ठेवा, सगळ्या टापूत एकाच सकाळी. ल्युर बदलायची तारीखही एकच, दर तीन आठवड्यांनी. सापळ्यात पतंग वाढायला लागले की ट्रायकोकार्ड लावायची, त्यातली ट्रायकोग्रामा जापोनिकम नावाची बारीक गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यातच आपली अंडी घालते. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी, एकराला एक कार्ड, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतरानं चार-पाच वेळा. आणि त्या काळात टापूत कुणीही फवारायचं नाही, एकानं फवारलं तर आजूबाजूच्या सगळ्यांची कार्डं वाया.

पाहणीला चार-पाच पोरं-पोरी नेमा, सोमवार आणि गुरुवार. शेतात तिरकं चालत जायचं, पाच जागी थांबायचं, प्रत्येक जागी ४ चूड (चूड म्हणजे एका जागी लावलेल्या रोपांचा झुबका). मधलं पान वाळलेलं आणि ओढल्यावर निघून येतं तो गाभेमर. २० चुडांत समजा २०० फुटवे असतील आणि १० मेले असतील तर ते ५ टक्के, तिथं उपाय करायची वेळ आली. चौरस मीटरला अंड्यांचा एक पुंजका दिसला तरीही. तुडतुड्यांसाठी चूड वाकवून बुंध्यात, पाण्याच्या लगत बघायचं, वरून काहीच कळत नाही. चुडाला १० च्या पुढं गेले की सावध. ग्रुपवर मेसेज असा टाकायचा : "सोमवार, ओहोळाची वरची बाजू, २० चूड, गाभेमर ४, तुडतुडे ३, कोळी भरपूर." कोळी मोजायचेच, कारण ते तुडतुडे खातात, भरपूर असतील तर फवारणीला थांबता येतं. ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि फॉरवर्ड बंद, नाहीतर कामाचा मेसेज कुणी वाचत नाही.

आता तुडतुड्यांचं. वाढले तर पहिला उपाय म्हणजे तीन-चार दिवस पाणी काढून टाकणं, आणि इथंच पाण्यावरून टापू का ते कळतं, वरचा पाणी सोडतो ते खालच्याच्या खाचरात उतरतं, त्यामुळं खालचा एकटा काही करूच शकत नाही. ग्रुपवर दिवस ठरवून वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी एकदम सांड (बांधातली पाणी सोडायची वाट) उघडायची. युरिया त्या आठवड्यात कुणी टाकायचा नाही. आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध भातावर मारू नका, त्यानं कोळी आणि तुडतुडे खाणारे ढेकूण मरतात आणि तुडतुडे पुन्हा दुप्पट जोमानं येतात. इंडोनेशियात हे इतकं झालं होतं की १९८६ मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. आपल्याकडं अशी सरसकट बंदी नाही, गावानं आपणच ठरवायचं. फवारायची वेळ आलीच तर फक्त ज्या पट्ट्यात आकडा ओलांडलाय तिथंच, कृषी सहाय्यकाला विचारून.

जो कुणी ऐकत नाही त्याच्याशी भांडू नका, सोमवारी पाहणीला जाताना त्यालाच बरोबर न्या, चूड त्यालाच वाकवू दे. आमचा सगळ्यात कडक विरोधक आता पाहणीची वही सांभाळतो.

कापणीला खोडकिड्याची अळी धसकटात (कापल्यावर उरणाऱ्या बुडख्यात) शिरलेली असते, म्हणून अगदी जमिनीलगत कापा, दापोलीच्या विद्यापीठाचा वैभव विळा त्यासाठी चांगला. ज्या शेतात वाल वगैरे काही घ्यायचं नसेल ते लगेच नांगरून धसकटं गोळा करा. मुंबईच्या मालकांना फोन करायचा तो आत्ता, त्यांचा तुकडा न नांगरता राहिला तर पुढच्या जूनमध्ये पतंग तिथूनच निघतात. मजुरी त्यांनी द्यायची, ट्रॅक्टर गावानं बघायचा, असं बोललं की बहुतेक जण हो म्हणतात. दिवाळी झाली की वही काढून बसा, कुठल्या तारखेला कुठल्या तुकड्यात काय निघालं ते नकाशावर लाल पेननं मांडा, आणि तो कागद मे महिन्याच्या बैठकीसाठी नीट जपून ठेवा.